सायकलच्या लायटीचं काम, उचगाव ते उद्यमबाग

१४ जून २०२४, शुक्रवार

सेकंड शिफ्ट सुटून बेळगावच्या उद्यमबागहून उचगावला घरी येत होतो, साडेअकरा झाले असतील, पावसाची बारीक झड चालू, सुळग्याच्या अलीकडं मागनं आलेला टेंपो कचकन ब्रेक मारून बाजूला आला आणि ड्रायव्हर खिडकीतनं वराडला, "ओ अण्णा, मागं लाईट तरी लावा की, काय बी दिसूलाय न्हाई!" मी म्हटलो, लावलंय की. उतरून बघतो तर लाईटच नाही. सीटपोस्टला (सीटखालच्या दांड्याला) नुसता रबरी पट्टा लोंबतोय, तोही अर्धा तुटलेला. कुठं पडला काय माहीत. हिंडलग्यात पडला की रेल्वेच्या तिसऱ्या गेटाच्या पुलावरच्या खड्ड्यात, की जातानाच दुपारी पडला होता.

लाईट गेल्याचं एवढं वाईट वाटलं नाही, साडेतीनशे रुपयांचा होता. पण आपण किती किलोमीटर अंधारात बिनलाईटचे आलो हेच माहीत नाही, ते डोक्यातनं जाईना. पुढचा दिवा गेला की लगेच कळतं, मागचा गेला की टेंपोवाल्यानं सांगितल्यावर कळतं, तेही तो चांगला माणूस असला तर. उरलेले दोन किमी मोबाईलचा टॉर्च मागं करून खिशात अर्धा खोचून आलो.

आता नीट काम करायचं ठरवलंय. वही घातलीय.

(पुण्याचा मित्र हे वाचणार आहे म्हणून आधीच सांगतो, 'मी म्हटलो', 'मी बघितलो' असंच आमच्याकडं म्हणतात, हसायचं नाही.)

१६ जून, रविवार

ड्रॉवरमधल्या सगळ्या मेलेल्या लायटी बाहेर काढल्या. चार निघाल्या! पाच वर्षांत चार. एकेक खोलून बघितलो, कशानं मेली ते.

पहिली, मायक्रो यूएसबीची, चार्जिंगच्या भोकात हिरवा गंज. रबरी झाकण आहे पण ते सैल झालेलं. यातली गंमत अशी की पाणी नुसतं बाहेरनं मारा करून आत जात नाही, दिवा चालू असताना गरम होतो, आतली हवा पसरते, मग गार पाऊस पडला की आतली हवा आकसते आणि सैल झाकणातनं पाणी ओढून घेते. फौंड्रीत काम केलेल्या माणसाला हे लगेच पटतं.

दुसरीचं बटण आत गेलं ते बाहेर आलंच नाही. तिसरी ट्रिपल ए सेलची, आतली स्प्रिंग ढिली, खड्डा आला की एक सेकंद बंद आणि परत चालू, म्हणजे मागनं येणाऱ्याला वाटणार मुद्दाम ब्लिंक लावलंय. सेल त्यातच ठेवून विसरलेलो, तो फुटून पांढरा थर आलाय. चौथी म्हणजे बाजारातला झूम टॉर्च क्लॅम्पसकट, बॉक्सवर १२०० ल्युमेन (दिवा एकूण किती उजेड टाकतो त्याचं माप), ६ तास. हा मेलेला नाही, पण वापरायच्या लायकीचा पण नाही, त्याचं नंतर लिहितो.

म्हणजे चारपैकी एकसुद्धा एलईडी जळाला म्हणून मेलेली नाही. पट्टा, झाकण, बटण, स्प्रिंग. आपण दुकानात विचारतो काय, तर "उजेड किती?"

बाबा बाजूला बसून बघत होते. म्हणाले आमच्या वेळी डायनॅमो, टायरला घासून चालायचा, चढ आला की दिवा मिणमिण आणि उताराला झगझगीत, आणि बिनादिव्याची सायकल दिसली की पोलीस चाकातली हवा सोडायचे. डायनॅमो अजून माळ्यावर आहे. फिरवून बघितलो तर चक्क फिरतोय.

१९ जून, बुधवार

दुपारी शिफ्टच्या आधी खडेबाजारात गेलो. चार दुकानं फिरलो. एका ठिकाणी काका म्हणाले, "हा घ्या, साडेतीन हजार ल्युमेन, सेल ९९०० एमएएच." मी म्हटलो, काका, हिशोब करूया काय? ते म्हणाले घ्यायचं असेल तर करा.

हिशोब असा. एमएएच म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचं माप. आत १८६५० सेल असतो, १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब, नावातच माप आहे. चांगल्या कंपनीचा सेल ३५०० एमएएचच्या आसपास असतो. व्होल्टेज सरासरी ३.६ धरला तर ३.५ गुणिले ३.६, म्हणजे साडेबारा वॉट-तास. एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला करंट देणारं सर्किट), लेन्स सगळं धरून एका वॉटमागे १०० ल्युमेन पकडले तर माझ्या झूम टॉर्चच्या १२०० ल्युमेनला १२ वॉट लागतात. म्हणजे एका सेलवर तासभर. बॉक्सवर सहा तास! ३०० ल्युमेनवर लावला तर चार तास निघतील, हे खरं.

काकांकडनं त्यांचा सेल मागून घेतला आणि फॅक्टरीच्या स्टोअरच्या काट्यावर ठेवला. २७ ग्रॅम. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतला खरा सेल माझ्याकडं होता, ४७ ग्रॅम. जिथं माल कमी तिथं वजन कमी, बाकी लेबलवर काय पण छापता येतं. स्टोअरवाले मामा म्हणाले हे तर आमच्या वेल्डिंग रॉडसारखं झालं. त्यांचा मुद्दा मला कळला नाही पण मान हलवली.

२३ जून, रविवार

भिंतीवर टेस्ट. माळ्यावर अंधार करून २ मीटरवर पांढरा कागद, मोबाईलच्या लक्स मीटरच्या (एका जागी किती उजेड पडतो ते मोजणाऱ्या) ॲपनं मोजलं. ॲपचा आकडा अगदी खरा नसतो, पण एकाच फोननं दर अर्ध्या तासानं मोजलं तर किती पडला ते बरोबर कळतं.

झूम टॉर्च: चालू केल्यावर ९००, अर्ध्या तासानं ३१०, एका तासानं ११०. मित्राकडनं आणलेला ४०० ल्युमेनचा सायकल लाईट: सुरुवातीला ७००, दोन तासांनी ६४०, मग एकदम खाली आणि लाल इंडिकेटर.

हे का होतं ते बघितलो. टॉर्चसाठी एफएल१ म्हणून एक अमेरिकन मोजमाप आहे, त्यात उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा सगळा वेळ 'रनटाईम' धरतात. म्हणजे १०० चा १० झाला तरी कागदावर दिवा चालूच. आणि बीमचं अंतर म्हणून जे लिहितात ते पाव लक्स पडतो तिथपर्यंतचं, पाव लक्स म्हणजे पौर्णिमेचं चांदणं. चांदण्यात पाणी भरलेला खड्डा दिसतो काय? आमच्या रस्त्यावर तर नाही.

म्हणून आता बॉक्सवर एकच गोष्ट शोधतो, रनटाईमचा ग्राफ. ज्यांची लाईन सपाट आहे ते छापतात, ज्यांची घसरगुंडी आहे ते छापत नाहीत.

३० जून, रविवार

वेंगुर्ला रोडवर समोरनं येणारे स्कूटरवाले मला अप्पर मारतात. मी मनात शिव्या घालायचो. आज सायकल स्टँडवर लावून स्वतः ५० मीटर पुढं जाऊन बघितलो, आणि शिव्या परत घेतल्या. टॉर्चचा गोल बीम सरळ डोळ्यात. टॉर्च गोलच उजेड टाकतो, अर्धा रस्त्यावर आणि अर्धा झाडांच्या शेंड्यांवर. घुबडांसाठी चांगलंय.

जर्मनीत सायकलच्या दिव्यांसाठी स्टीव्हीझेडओ नावाचा नियम आहे, त्यात बीम वरनं कापलेला लागतो, गाडीच्या लो बीमसारखा. बुश अँड म्युलरसारख्या कंपन्या असे दिवे करतात. तसला दिवा ल्युमेननं छोटा असला तरी सगळा उजेड रस्त्यावरच पडतो म्हणून जास्त दिसतं. खडेबाजारात कुणाकडं नव्हता. ऑनलाईन एक सापडला, वरनं कापलेला बीम, आतला १८६५० सेल बदलता येणारा, सी टाईप चार्जिंग. ऑर्डर करून सोडलो. किंमत घरात सांगितलेली नाही.

लावायचं माप: हँडलवर दिवा जमिनीपासून १ मीटर उंच, समोर ५ मीटरवर भिंत, बीमचा मधला ठिपका भिंतीवर अर्ध्या मीटरवर आला पाहिजे. म्हणजे तो १० मीटरवर रस्त्याला टेकतो. गावातनं फिरायला एवढं पुरतं, उताराला थोडा उचलायचा.

३ जुलै

रात्रभर लाईट गेलेली, करंट. चार्जिंगच झालं नाही. सायकल घरी, बसनं गेलो. सेल बदलता येणारा दिवा कशाला हवा ते आज कळलं, एक सेल भरलेला डब्यात ठेवायचा म्हणजे झालं.

१० जुलै, बुधवार

आजचा दिवस आवडीचा. मागच्या लायटीचा क्लॅम्प केलो.

सीटपोस्ट २७.२ मिमी. स्क्रॅपमधनं ॲल्युमिनियमचा तुकडा घेतला, लेथवर बोअर (आतलं भोक) २९ केला, म्हणजे आत जुन्या ट्यूबचं रबर एक बाजूला जवळपास १ मिमी बसतं. मग स्लिटिंग सॉनं मधोमध फाडला, दोन एम५ ॲलन बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला), कारण साधा नट आमच्या रस्त्यावर आठ दिवसांत सुटतो. लाईटच्या मागची प्लास्टिकची जीभ काढून टाकून तिच्या जागी एम४ स्क्रूनं पत्र्याची जीभ. सुपरवायझर आले, हातात घेऊन बघितले, "ह्याचं ड्रॉईंग कुठाय?" म्हणाले. मी म्हटलो डोक्यात आहे. "टॉलरन्स?" म्हटलो, खड्डा. हसले आणि गेले.

शिवाय पतंगाच्या दोऱ्यापेक्षा जाड अशी नायलॉनची दोरी लाईटपासून सीटच्या रेलला बांधली. क्लॅम्प तुटलाच तरी लाईट लोंबत राहील, रस्त्यावर नाही पडणार. हे पाच रुपयांचं काम १४ जूनच्या आधी सुचलं असतं तर.

रबरी पट्टा वाईट असतो असं नाही. उन्हात उभी राहिलेली सायकल असली की पट्टा दोन वर्षांत कडक होतो आणि चिरतो, बोटानं ताणून बघायचं, बारीक चिरा दिसल्या की बदलायचं. मी बघितलंच नव्हतं.

२१ जुलै, रविवार

तुफान पाऊस. भात लावणीची गडबड, रस्त्यावर चिखलाचे गोळे आणि खेकडे. नवा पुढचा दिवा आला होता तो याच पावसात लावला.

आधी आयपीचं, म्हणजे दिवा पाण्याला किती टिकतो ते सांगणाऱ्या नंबरचं. एक्स४ म्हणजे कुठूनही शिंतोडे चालतात, एक्स६ म्हणजे जोराचा फवारा, एक्स७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास. मला वाटायचं ७ म्हणजे ६ पेक्षा भारी. तसं नाही. बुडवून पास झालेला दिवा फवाऱ्यात पास होईलच असं नाही, दोन्ही टेस्ट वेगवेगळ्या. आणि सायकलला बुडायचं कुठंय, मागच्या चाकाचा फवाराच खालनं येतो. म्हणून एक्स४ वाल्या मागच्या लाईटला सुद्धा मडगार्ड लावलं तर ती जगते, आणि एक्स७ वाली मडगार्डशिवाय वर्षभरात मरते, असा माझा अंदाज.

आजचा धडा वेगळाच मिळाला. ओल्या डांबरावर उजेड गायब होतो! तोच दिवा, तोच सेल, काल कोरड्यावर मस्त दिसत होतं आणि आज पुढं नुसता काळा खड्डा. पाण्याचा थर आरशासारखा उजेड पुढं फेकून देतो, आपल्याकडं परत येतच नाही. उजेड वाढवून बघितलो, तर पावसाचे थेंबच चमकायला लागले. शेवटी स्पीड १५ वर आणला, दुसरा उपाय नाही.

४ ऑगस्ट, रविवार

मागं आता दोन दिवे. एक सीटपोस्टला यूएसबीवाला, माझ्या क्लॅम्पात. दुसरा खाली सीटस्टेला (सीटपासून मागच्या चाकाकडं जाणाऱ्या नळीला), ट्रिपल ए सेलचा. मुद्दाम वेगळे. एकाचं चार्जिंग विसरलं तर दुसऱ्याचे सेल आहेत, एक पाण्यानं मेला तर दुसरा वेगळ्या कारणानं मरेल, एकाच दिवशी दोघं मरायची शक्यता कमी.

पण मूळ प्रश्न तसाच. चालवताना कळणार कसं?

हँडलवर आरसा लावून बघितलो, आरशात लाईट दिसतच नाही, सीट मध्ये येते. मग बाबांच्या जुन्या काळ्या सायकलकडं लक्ष गेलं. मागच्या मडगार्डवर शेपटाकडं पांढरा रंग असतो ना, सगळ्या जुन्या सायकलींना असायचा, मागनं दिसावं म्हणून. माझ्या मडगार्डवर सीटच्या मागं लगेच, वरच्या बाजूला, पांढरी टेप चिकटवली आणि लाईट दोन अंश खाली झुकवली. आता अंधारात मान खाली घालून बगलेतनं मागं बघितलं की टेपवर लाल डाग दिसतो. लाल आहे म्हणजे लाईट आहे. टेप २० रुपये.

घरात पोरगं हसतंय, बाबा स्वतःच्या बगलेत काय बघतात म्हणून.

१८ ऑगस्ट, रविवार

पहाटे जांबोटी रोडला दोघं गेलो, पिरनवाडीवरनं किणये. मित्राला ऑक्टोबरात २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकल राईड) करायची आहे, त्याला साडेतेरा तास मिळतात, आणि पहाटे सुरू होते तेव्हा दोन्ही टोकाला अंधार लागतोच. तिथं लाईट नसेल तर सोडत नाहीत, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट पण लागतं.

त्याला मागं ठेवून ब्लिंक आणि सलग दोन्ही बघायला सांगितलो. तो म्हणाला ब्लिंक लांबनं आधी दिसतं, पण अंधारात किती लांब आहेस ते कळत नाही, आत्ता इथं होतास आणि आता तिथं. सलग असला की अंतर बरोबर कळतं. जर्मनीत तर लुकलुकणारा दिवा सायकलला चालतच नाही. मग ठरलं: रात्री वरचा सलग, खालचा पण सलग पण मंद. दिवसा धुक्यात वरचा ब्लिंक. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं सकाळी आठला पण गाड्या लाईट लावून येतात.

अजून एक तो म्हणाला ते मला पटलं, "तुझ्या लायटीच्या आधी मला तुझे पाय दिसले." घोट्याला रेडियमची पट्टी बांधलेली. वर खाली, वर खाली होणारी चमक म्हणजे सायकलवाला, हे ड्रायव्हरला विचार न करता कळतं. खांबावरचं रेडियम हलत नाही ना.

रडारवाली लाईट पण असते, गार्मिनची, मागनं येणारी गाडी १४० मीटरवरनं ओळखून हँडलवर दाखवते. हायवेला भारी आहे. आमच्या गावच्या रस्त्यावर दर मिनिटाला पिकपिक करेल. आणि किमतीत माझी आख्खी सायकल येते.

८ सप्टेंबर

गणपती. काल बसवले. चार दिवस सायकल नाही. मखराच्या लायटिंगला माझा भरलेला १८६५० कुणीतरी वापरला, कुणी ते कळलं नाही, मोदक खाऊन गप्प बसलो.

२० ऑक्टोबर, रविवार

येळ्ळूरच्या राजहंसगडाच्या उतारावर अंधारात उतरून बघितलो, मुद्दाम. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. काहीतरी दिसून ब्रेकवर बोट जायला दीड सेकंद धरा, तिथंच १६-१७ मीटर संपले, आणि थांबायला अजून १५. म्हणजे तीसपेक्षा जास्त मीटर नीट दिसलं पाहिजे, कोरड्यावर. १० मीटरवर टेकवलेला बीम इथं उपयोगाचा नाही. बीम उचलला, ४०० ल्युमेनवर नेला, तरी ताशी ३० च्या वर गेलो नाही. मला पोरगं आहे.

डायनॅमो हबचा, म्हणजे चाकाच्या मधोमध बसणाऱ्या डायनॅमोचा विचार परत आला. ६ व्होल्ट, ३ वॉट, १५ च्या स्पीडला पूर्ण उजेड, चार्जिंगची भानगडच नाही, थांबल्यावर पण कपॅसिटरवर मागचा दिवा थोडा वेळ पेटतो. मनातनं तेच पाहिजे. पण चाक नव्यानं विणायचं, हब बाहेरनं मागवायचा. बोनसनंतर बघूया.

२४ नोव्हेंबर, रविवार

गाळप सुरू झालंय. संध्याकाळी बाचीकडनं येताना रस्त्याच्या कडेला उसाची डबल ट्रॉली पंक्चर होऊन उभी, मागं एक पण लाईट नाही, रिफ्लेक्टर धुळीनं मातकट झालेला, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर चार फूट. मी २२ च्या स्पीडला होतो. उसाची टोकं बीममध्ये आली तेव्हा पंधराएक मीटर राहिले असतील. थांबलो, पण पाय थरथरत होते. वरनं कापलेल्या बीमचा हा तोटा, उंचावरचं उशिरा दिसतं. हेल्मेटवर एक छोटा दिवा लावायचा म्हणून लिहून ठेवतोय, जिकडं मान तिकडं उजेड.

ट्रॉलीचा मालक आमच्या पलीकडच्या गल्लीतलाच निघाला. म्हटलो, मामा, तुमच्यामुळं आज माझं वर्षश्राद्ध झालं असतं. म्हणाले, "अरे काय करूया, वायरिंग उंदरांनी खाल्लंय." पिशवीत लाल रेडियमचा रोल होता, सायकलसाठी घेतलेला. दोघांनी मिळून ट्रॉलीच्या मागच्या फळीवर आडवी लांब पट्टी मारली, आणि मी सायकलचा दिवा मारून बघितलो, लांबनं फळी पेटल्यासारखी दिसली.

रात्री नऊला मामा घरी. दुसऱ्या ट्रॉलीला पण पाहिजे म्हणाले, आणि भावाच्या ट्रॅक्टरला. रोल संपला. शनिवारी खडेबाजार: लाल रेडियम ३ रोल, ट्रिपल ए सेल ४, हेल्मेटला बांधायचा पट्टा, आणि खालच्या लायटीच्या झाकणाला बारीक चीर गेलीय त्यासाठी सिलिकॉन.